शरणपूरची मुले आणि आमचे शजरे

मराठी मुसलमानांच्या घरात पूर्वजांचा विषय निघाला, की दोन तऱ्हा दिसतात. एक घर सांगते, आमचे मूळपुरुष अरबस्तानातून आले, कोणी बगदादहून, कोणी बुखाऱ्याहून. शजरा पेटीत आहे, पण तो सहसा काढायचा नसतो. दुसरे घर सांगते, आजोबांच्या वडिलांपर्यंत नाव ठाऊक आहे, त्यापुढे अल्ला जाणे. पहिल्याजवळ इतिहास फार आहे आणि दुसऱ्याजवळ अजिबात नाही, असे वरवर वाटते. आमच्या मते दोन्ही घरांची अडचण एकच आहे. पूर्वज म्हणून कोण चालेल, हे आम्ही शोधायला निघण्यापूर्वीच ठरवून टाकलेले असते. सय्यद चालतो, सुफी चालतो, मोगल सरदाराच्या फौजेबरोबर आलेला स्वार चालतो. कापूस पिंजणारा, गोदीत ओझी वाहणारा, बाजारात विकला गेलेला हबशी, बटीक म्हणून घरात आलेली पणजी, हे चालत नाहीत. मग ते शजऱ्यातून हळूच गळतात आणि त्यांच्या जागी एखादा बगदादी येऊन बसतो.

आम्ही नाशिकची माणसे आहोत, म्हणून नाशिकचेच बोलतो. मोगल अमदानीत या शहराचे नाव गुलशनाबाद होते. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. जुन्या नाशकात फिरा आणि फक्त गल्ल्यांची नावे वाचत चला. काझीपुरा, कोकणीपुरा, पिंजारघाट. गोदेच्या काठावर पावसाळा आला, की ढासळण्याच्या भीतीने वर्तमानपत्रात येणारी काझीची गढी. ही नावेच आमचा पहिला शजरा आहेत. कोण धर्मशास्त्राचे काम पाहत होता, कोण घाट चढून कोकणातून आला होता, कोणाच्या हातात पिंजणाची तात होती, हे त्या नावांत लिहिलेले आहे. १८८३ साली मुंबई सरकारने नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात मुसलमानांची जी वर्णने आहेत, तीही मोठ्या प्रमाणावर धंद्यांवरून पडलेल्या नावांची आहेत. बुखारा त्यात फारसा आढळत नाही.

गेल्या काही दशकांत आमच्यातल्या पुष्कळ घरांना हा जुना कागद शोधण्याची वेळ आली, ती इतिहासाच्या आवडीने आली नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, १९९४ साली महाराष्ट्र सरकारने त्या संबंधीचा निर्णय काढला, आणि मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायला बाप तहसील कचेरीत जाऊन उभा राहिला. तेथे त्याला विचारण्यात आले, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आहे का? आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे? तेथे बहुतेक वेळा एकच शब्द निघतो, ‘मुसलमान’. गुरुजींनी रकाना भरला होता, पण माणूस लिहिला नव्हता. तांबोळी असो, मन्यार असो, बागवान असो, गुरुजींच्या दौतीतून सगळे एकाच शब्दात उतरले. मग पुढचा शोध सुरू होतो, कोतवाल बुकाचा. गाव नमुना चौदा म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. जुनी पाने मोडीत. मोडी वाचणारा शोधा, त्याला गाठा, पान उघडले की वाळवीने खाल्लेले. पण कधीकधी नशीब उघडते आणि एका ओळीत पणजोबा भेटतात. नाव, बापाचे नाव, धंदा, मरणाचे कारण ताप किंवा पटकी, आणि तारीख. बस्स. एका माणसाचे उभे आयुष्य त्या एका ओळीत.

या कागदांत एक गंमत दिसते. जुन्या मराठी दस्तऐवजात बापाचे नाव सांगताना ‘बिन’ लिहीत, आणि ते फक्त आमच्यासाठी नव्हे. पाटलाच्या, कुणब्याच्या, माळ्याच्या नावातही ‘बिन’ असे. ‘वल्द’ही तसाच हिंडत असे. म्हणजे कागदाची भाषा सर्वांची एक होती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरातली हीच दप्तरे उघडली, मोडीचे जाणकार कामाला लावले. त्यांनी ज्या पानांवर कुणबी शोधला, त्याच पानांवर दोन ओळी खाली आमचेही लोक पडून आहेत. कोणी बोट ठेवून वाचायला हवे, इतकेच.

परंतु कागद वाचताना एक खूणगाठ बांधावी लागते. नोंद करणारा आपल्या कामापुरते लिहीत असतो. कोतवालाला मयताची संख्या हवी होती, गुरुजींना रकाना भरायचा होता, इनाम कमिशनला कोणाची जमीन काढून घेता येईल हे पाहायचे होते. आमच्या पणजोबांचे आयुष्य लिहून ठेवावे असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. म्हणून अशा नोंदीतून पूर्वज काढायचा म्हणजे परक्याच्या खिशातून आपला पैसा ओळखून काढण्यासारखे आहे. ज्यांना शजरा ठेवण्याची कसलीच सोय नव्हती, ज्यांची नावे, भाषा आणि देशही दुसऱ्यांनी बदलून टाकले, त्यांचा माग कसा काढतात याचे एक मोठे उदाहरण नाशिकच्याच मातीत आहे. ते आम्ही रोज रस्त्याच्या नावात उच्चारतो आणि विसरतो. आम्ही शरणपूर रोडबद्दल बोलत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची एक वसाहत उभी केली. शरण आलेल्यांचे गाव म्हणून नाव शरणपूर. तेथे शाळा होती, सुतारकाम, लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. आणि तेथे आफ्रिकी मुलांचे एक आश्रयस्थान होते. ही मुले आली कोठून? न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखातून, बहुतेक याओ आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची. टोळ्या गावांवर पडत, माणसे धरीत, गळ्यात लाकडी जोखड अडकवून किनाऱ्यापर्यंत चालवत नेत. किलवा बंदरातून झांझिबार, आणि झांझिबारहून गलबते भरून अरबस्तान आणि इराणचे आखात. इंग्रजांची लढाऊ जहाजे ही गलबते पकडीत. सुटलेली माणसे एडनला किंवा मुंबईला उतरवली जात. मुंबईत पोलीस त्यांची वाटणी करीत. काही मोठ्या घरांत चाकरीला, काही मिशनच्या ताब्यात. मिशनच्या ताब्यात आलेल्यांपैकी काही मुले-मुली नाशिकला पोचली.

आता या मुलांची नावे पाहा. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, करास फरार, रिचर्ड रतन, बेंजामिन रतन, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. वाचणाऱ्याला वाटेल, ही इंग्रजांची पोरे. पण नीट वाचले तर आडनावेच साक्ष देऊ लागतात. प्राइस हे तर शरणपूरच्या पाद्रीसाहेबांचेच नाव. आयझेनबर्ग हे मुंबईतल्या आफ्रिकी मुलांसाठी झटलेल्या जर्मन मिशनऱ्याचे. फरार हे १८३० च्या दशकात नाशिकला मिशन सुरू करणाऱ्या पाद्रीचे. ‘रतन’ या आडनावापाशी नाशिकलाच १८५६ मध्ये ख्रिस्ती झालेले पारशी रतनजी नौरोजी आठवतात, जे पुढे औरंगाबादला पाद्री झाले. म्हणजे या आडनावांतून मुलाचा बाप कळत नाही, पण त्या मुलाभोवती कोणती मोठी माणसे होती हे कळते. शजऱ्यात आपण ‘वल्द’ वाचतो, तेथे या मुलांच्या बाबतीत पालकाचे नाव वाचायचे. इतके एक सूत्र हाती आले, की पुढचे कागद बोलू लागतात.

पहिल्या नावांचे तर आम्हाला अधिकच नवल वाटते. जेकब म्हणजे याकूब. अब्राहम म्हणजे इब्राहिम. इश्माएल म्हणजे इस्माइल. आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जाणारी हीच नावे. एकाच नबीचे नाव एका पोराला पाद्रीने दिले आणि दुसऱ्याला मौलवीने. दोघांच्याही आईने ठेवलेले नाव वेगळेच होते. मॅथ्यू वेलिंग्टनचे ते नाव इतिहासात टिकले आहे, चेंगविंबे. वेलिंग्टन हे नाव इंग्रजांचे, मॅथ्यू बायबलातले, शिक्षण नाशिकचे, आणि मूळ माणूस याओ. एका माणसाच्या नोंदीत चार मुलूख.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला होता. नाईलचा उगम शोधायला पुन्हा आफ्रिकेत जायचे आणि जाताना गुलामांच्या व्यापाराचे वास्तव जगापुढे आणायचे, असा त्याचा बेत होता. त्याने नाशिकला जाऊन शरणपूरची नऊ मुले बरोबर घेतली. मुंबईतून आणखी दोन याओ मुले घेतली, चुमा आणि विकतानी. ही दोघे १८६४ सालापासून डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होती. शिवाय मुंबईच्या पलटणीतले तेरा हिंदी शिपाई, जोहाना बेटावरचे दहा मुसलमान गडी, आणि झांबेझी नदीकाठच्या शुपंगाचे दोघे, ज्यांपैकी एकाचे नाव अब्दुल्ला सुसी. १८६६ च्या जानेवारीत हा काफिला मुंबईहून निघाला. नाशिकच्या मुलांबद्दल लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत बरे-वाईट दोन्ही लिहिले आहे, वाईट पुष्कळ. मुले आळशी आहेत, ओझे उचलत नाहीत, वगैरे. आम्हाला या तक्रारींचे फारसे काही वाटत नाही. सुतारकाम आणि अक्षरे शिकलेल्या मुलाला जंगलात हमाल केले तर तो कुरकुरणारच. उलट या तक्रारींमुळेच मुलांची नावे तारीखवार नोंदली गेली. आज्ञाधारक माणसाची नोंद कागदावर कमीच होते.

पुढे १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी आणखी माणसे पाठवण्यात आली, त्यांत नाशिकची सहा मुले होती. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांतली. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी मरण पावला. त्याच्या सोबत्यांनी जे केले ते जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. त्यांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणला. चुमा आणि सुसी त्या काफिल्याचे म्होरके होते. काळीज पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, कारण वाचता येणारा तो होता. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच, आणि त्याबरोबर सोबत्यांचीही नावे कोरली. ते खोड पुढे कापून लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेण्यात आले. नाशिकला गिरवलेल्या अक्षरांचा हा कदाचित सर्वांत लांब गेलेला नमुना असावा.

जेकब त्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेत दफन झाले, तेव्हा पेटीला खांदा देण्याचा मान मिळालेल्यांत तो होता. चुमा आणि सुसी यांना मात्र नंतर बोलावण्यात आले, दफन होऊन गेल्यावर. दोघे रोजनिशीच्या छपाईच्या कामात माहिती सांगायला बसले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ साथीदारांसाठी पदके पाडली, कडेवर ज्याचे त्याचे नाव घातलेले. पदके झांझिबारला पोचेपर्यंत त्यांतले कितीतरी जण पांगले होते. तरीही वंशजाच्या दृष्टीने त्या कडेवरच्या नावाची किंमत मोठी आहे. कोणाच्या हाती ते पदक आले, तर त्याला रकान्यातून नव्हे, थेट धातूवर आपला पूर्वज वाचायला मिळतो.

जेकबने प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापून आले. पण त्याच्या हाताने लिहिलेली इंग्रजी वही स्कॉटलंडमध्ये जपलेल्या कागदांत होती आणि ती २०१९ साली सर्वांना वाचायला खुली झाली. जवळजवळ दीडशे वर्षे या माणसाविषयी इतरांनी लिहिलेले वाचले जात होते. आता त्याचे स्वतःचे वाचता येते. १८९२ मध्ये जेकब आफ्रिकेच्याच आतल्या भागात वारला. मॅथ्यू वेलिंग्टन फार जगला. तो मोंबासात राहिला, म्हातारपणी लिव्हिंग्स्टनच्या काळातला शेवटचा जिवंत दुवा म्हणून प्रसिद्ध झाला, आणि १९३५ साली वारला. म्हणजे नाशिकच्या शाळेत शिकलेला चेंगविंबे, आमचे आजोबा शाळेत जात होते तेव्हा हयात होता.

शरणपूरची बाकीची मुले कोठे गेली? १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांझिबारला गेले आणि त्याच वर्षी सुलतान बर्गशला समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह मान्य करावा लागला. सुटलेल्या माणसांसाठी आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसाहत हवी, असे ठरले. तेव्हा नाशिकचे प्राइससाहेब मोंबासाला गेले आणि त्यांनी १८७५ साली फ्रिअर टाउन वसवले. नाशिकहून आफ्रिकी स्त्री-पुरुष तेथे नेण्यात आले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर ही नाशिकला शिकलेली माणसे त्याआधीच, १८६४ पासून रबाईच्या मिशनमध्ये होती. १८८५ साली दोघांना बिशप हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, आणि उरलेल्या माणसांना घेऊन परत येण्याची कामगिरी जोन्सवर पडली. रबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा देण्यावरून जी भांडणे झाली, त्यांतही हा जोन्स होता. गोऱ्या पाद्रींशी या बॉम्बे आफ्रिकनांचे खटके उडत. शिकलो तर बरोबरीची वागणूक द्या, हे त्यांचे म्हणणे होते. ही पत्रे चर्च मिशनरी सोसायटीच्या दप्तरात आहेत, आणि ते दप्तर आज बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. मोंबासाचा वंशज आपला पणजोबा शोधायचा म्हणून बर्मिंगहॅमला जातो, तेव्हा पानापानावर त्याला ‘नासिक’ भेटते. नाशिकच्या माणसाला मात्र नाशकात त्याचा पणजोबा भेटत नाही. आहे ते एका रस्त्याचे नाव.

येथपर्यंत वाचून आमच्या वाचकाला प्रश्न पडेल, की ही तर ख्रिस्ती मिशनची हकीकत, ती आमच्या अंकात कशाला? आमचे उत्तर साधे आहे. त्या मुलांना पकडून किनाऱ्याला आणणाऱ्या काफिल्यांचे मालक बहुतांशी मुसलमान होते, अरब आणि स्वाहिली. झांझिबारचा सुलतान मुसलमान. झांझिबारच्या पेढ्यांतला हिंदी पैसा कच्छी होता. जयराम शिवजी भाटियाची पेढी होती तशीच तारिया तोपण खोजाचीही होती. त्या व्यापारातून नफा झाला त्यात आपले लोक होते, आणि जोखड गळ्यात होते त्यांतही पुढे आपले लोक झाले. हे दुसरे आपण सांगतो. मलिक अंबरचा अभिमान आम्हा सर्वांना आहे, आणि तो असावाच. हबशी देशात चापू म्हणून जन्मलेला मुलगा तीनदा-चारदा विकला जातो, बगदादच्या मालकाकडून अंबर हे नाव घेतो, दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ता पुरुष होतो, खडकी शहर वसवतो, मोगलांना दमवतो आणि १६२६ मध्ये वारल्यावर खुलताबादला चिरविश्रांती घेतो. पण अंबर विकला गेला तो कोणाकडून आणि कोणत्या बाजारात, या वाक्यापाशी आमचे वक्ते जरा घाईने पुढे सरकतात. गुलाम आझाद करण्याचे पुण्य कुरआनने सांगितले आहे, हजरत बिलाल आझाद झाले, हे सगळे खरे आहे. ते खरे असूनही हजार-बाराशे वर्षे बाजार भरतच होता, हेही खरे आहे. दोन्ही एका दमात सांगता आले पाहिजे.

मुंबईचे नाव आडनावासारखे मिरवणारा एक मुसलमानही याच वाटेने गेला. सिदी मुबारक बॉम्बे. तोही याओ. लहानपणी धरला गेला, किलवा-झांझिबारमार्गे विकला गेला, मालकाबरोबर हिंदुस्थानात आला, आणि मालक वारल्यावर आझाद झाला. तो झांझिबारला परतला आणि बर्टन-स्पीक, मग स्पीक-ग्रँट, मग स्टॅन्ली, मग कॅमेरून अशा एकामागून एक मोहिमांचा वाटाड्या झाला. कॅमेरूनबरोबर तर त्याने आफ्रिका एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत ओलांडली. १८८५ साली तो वारला. शरणपूरचा जेकब आणि हा मुबारक यांची सुरुवात एकच. एकाची सुटका इंग्रजांच्या जहाजाने केली म्हणून तो ख्रिस्ती झाला, दुसऱ्याची मालकाच्या मृत्यूने झाली आणि तो मुसलमान राहिला. अब्दुल्ला सुसीचे तर आणखी वेगळे. आयुष्यभर अब्दुल्ला असलेला हा माणूस १८८६ मध्ये झांझिबारला डेव्हिड झाला. त्याच्या नातवाने उद्या शोध घेतला, तर दोन नावांचे दोन कागद हाती येतील आणि ते एकाच माणसाचे आहेत हे त्याला सिद्ध करावे लागेल. आमच्याकडे दाखल्यावर ‘शेख’ आणि सातबारावर ‘तांबोळी’ असलेल्या आजोबांचे हेच होते.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीतला १८६६ च्या जुलैमधला एक प्रसंग आम्हाला या सगळ्यांत मोठा वाटतो, जरी इतिहासकार त्यावर फारसे थांबत नाहीत. काफिला मताका नावाच्या याओ सरदाराच्या गावी पोचला. नाशिकच्या मुलांतला अब्राहम गावात शिरताच त्याने एका माणसाला ओळखले. तो त्याचा मामा होता. जन्ममृत्यूचे रजिस्टर नाही, शजरा नाही, भाषा अर्धी विसरलेली, अंगावर मिशनचे कपडे आणि नाव परके. तरीही चेहऱ्यावरून माणूस ओळखू आला. मामाने सांगितले, तू गेल्यानंतर तुझ्या आईला आणि दोन बहिणींनाही अरबांना विकले. मामाने राहा म्हटले. मताकाने राहा म्हटले. दुसरा एक मामा होता, त्यानेही म्हटले. लिव्हिंग्स्टनही म्हणाला, राहा, पुष्कळ महिने चालेल एवढे सामान देतो. अब्राहमने सगळ्यांना एकच उत्तर दिले. येथे आई नाही आणि बहीण नाही, मग राहायचे कशासाठी? आणि तो काफिल्याबरोबर पुढे निघाला. चुमाबरोबरच्या विकतानीलाही थोड्या दिवसांनी न्यासा सरोवराच्या बाजूला आपला भाऊ भेटला. बहिणी तेथेच असल्याचे कळले आणि तो तेथे राहिला. एकाच काफिल्यातली दोन मुले. एकाच्या बहिणी होत्या, तो थांबला. दुसऱ्याच्या नव्हत्या, तो चालू लागला.

अब्राहमच्या त्या उत्तरात आमच्या शजऱ्यांचा एक दोष उघडा पडतो. आमचे शजरे बापाकडून बापाकडे जातात. इब्न, बिन, वल्द. आई त्यात नसते. हबशी बटकीच्या पोटी जन्मलेला मुलगा बापाच्या शजऱ्यात सय्यद म्हणून चढतो आणि आई पुसली जाते. शरणपूरच्या मुलींचेही हेच झाले. मुले लिव्हिंग्स्टनच्या पुस्तकात आली, पदकांवर आली, झाडावर कोरली गेली. मुलींची त्या मुलांशी लग्ने झाली, त्या मोंबासाला गेल्या, आणि कागदात बहुधा अमक्याची बायको एवढ्यावरच राहिल्या. लिव्हिंग्स्टनच्या तांड्यातली हलीमा हा एक अपवाद. ती स्वयंपाक करणारी होती, तरी तिचे नाव स्टॅन्लीने आणि लिव्हिंग्स्टनने दोघांनीही लिहून ठेवले.

मोंबासाकडे या आठवणी घराघरांत सांगितल्या जात राहिल्या. फ्रिअर टाउनच्या जेम्स जुमा म्बोटेला यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली हकीकत १९३४ साली स्वाहिलीत लिहून छापली. पकडले गेल्यापासून सुटेपर्यंतची, बापाने सांगितलेली, मुलाने लिहिलेली. पूर्व आफ्रिकेत हे छोटे पुस्तक शाळांमधून वाचले गेले. फ्रिअर टाउनच्या घंटेवरून तो भाग आजही केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. घंटेपाशी, असा त्याचा अर्थ. आमच्या पिंजारघाटासारखेच ते एक रस्त्यावर उरलेले पान.

नाशिकच्या तरुणांना आम्ही एवढेच सुचवू, की पूर्वज शोधायला निघाल्यावर कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर पाहाच, पण त्याआधी निकाहची दप्तरे पाहा. १८८० च्या काझी कायद्यानंतर अनेक ठिकाणी काझींकडे ही रजिस्टरे नीट राहिली आहेत. काही घराण्यांत ती कापडात बांधून माळ्यावर असतात, उर्दूत किंवा मोडीत, आणि मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. आमच्या सगळ्या जुन्या कागदांत हा एकच असा आहे ज्यात मुलीचे नाव लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण होत नाही. तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, वकील, दोन साक्षीदार, मेहेरची रक्कम. कोतवालाच्या पानावर जी फक्त ‘मयत स्त्री’ आहे, ती येथे नावानिशी, आपल्या रकमेसह, आपल्या होकारासह बसलेली असते. तिच्यापासून मागे गेलात, तर बगदादपर्यंत न जाता घाटाच्या, कारखान्याच्या किंवा एखाद्या बंदराच्या दारात जाऊन पोचाल. तेथे जी भेटेल तिचे नाव शजऱ्यात लिहून ठेवा, शाईने.